गांजा, भांग, सीबीडी : घरात प्रश्न आला तर

एकाच घरात आजीच्या गुडघ्यांसाठी ऑनलाइन ‘विजया तेल’ मागवलं जातं आणि त्याच महिन्यात नातवाच्या सॅकमध्ये रोलिंग पेपरचं पाकीट सापडलं म्हणून रडारड होते. अशी घरं आता पुण्या-मुंबईतच नाहीत, तालुक्याच्या गावीही आहेत. आजीची बाटली आयुर्वेदात जमा होते, नातवाचं पाकीट म्हणजे घराण्याला डाग, आणि महाशिवरात्रीची भांग घातलेली थंडाई म्हणजे प्रसाद. वनस्पती तिन्हीकडे एकच. श्रद्धा, भीती आणि ‘नैसर्गिक आहे, मग काय होतंय’ हा भाबडेपणा या तिघांच्या गर्दीत कामाचे प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. पदार्थ नेमका कोणता? किती घेतला? ओढला की खाल्ला? घेणाऱ्याचं वय काय? त्याच्या रक्ताच्या नात्यात कुणाला गंभीर मानसिक आजार आहे का? गांजाबद्दल विज्ञानाला जे बऱ्यापैकी ठामपणे कळलं आहे, ते जवळपास सगळं या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतं.

आधी पदार्थ ओळखू. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि त्यावरच्या राळेचा चरस. इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली यातलं नशा आणणारं द्रव्य वेगळं काढलं, ते टीएचसी. दुसरं महत्त्वाचं द्रव्य सीबीडी. त्याने नशा येत नाही. फुलोऱ्यात आणि राळेत टीएचसी जास्त, पानांत कमी. घरातले काका म्हणतात, ‘आम्हीही कॉलेजात ओढला, आमचं काय बिघडलं?’ तेव्हा त्यांना सांगावं, की माल बदलला आहे. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५ साली सरासरी ४ टक्के टीएचसी असायचं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या आसपास गेलं. व्हेपमध्ये भरायच्या अर्कात तर निम्म्याहून जास्त टीएचसी असू शकतं. मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणारा जो ‘हायड्रोपोनिक’ गांजा पकडला जातो, तो मातीविना, बंद खोलीत दिव्यांखाली वाढवलेला असतो आणि सहसा असाच जहाल असतो. याहून धोकादायक म्हणजे ‘स्पाइस’, ‘के-टू’ या नावांनी विकले जाणारे कृत्रिम पदार्थ. वाळक्या पाल्यावर प्रयोगशाळेतलं रसायन फवारलेलं असतं. त्यांचा गांजाशी संबंध नावापुरताच, आणि त्यांनी फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

आता वाट. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो आणि दोन-तीन तासांत बराचसा उतरतो. खाल्लेली किंवा प्यायलेली भांग मात्र आतड्यातून यकृतात जाते, तिथे टीएचसीचं आणखी एक नशा आणणारं रूप तयार होतं, आणि परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. उतरायला सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त. होळी-रंगपंचमीला जे गोंधळ होतात त्यातल्या पुष्कळांचं मूळ इथेच आहे. पहिला ग्लास घेऊन पाऊण तास झाला, ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा घेतला, आणि मग दोन्ही एकदम चढले. छातीत धडधड, आपण मरतोय अशी भीती, वेळेचं भान सुटणं, कुणीतरी आपल्या मागे आहे असा संशय.

अशा माणसाला शांत, कमी उजेडाच्या खोलीत बसवा, ओळखीचं एक माणूस शेजारी राहू द्या, ‘ही नशा आहे, काही तासांत उतरेल’ हे पुन्हा पुन्हा सांगा. पाणी द्या. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. लिंबू चाटवणं, तूप किंवा ताक पाजणं यांनी भांग उतरते याला पुरावा नाही, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. छातीत दुखत असेल, फिट आली, शुद्ध हरपली, सोबत दारूही घेतलेली असेल किंवा भ्रम बारा तासांनंतरही ओसरत नसेल, तर सरळ दवाखाना गाठा. लहान मुलाने भांगेचा पेढा किंवा परदेशातून आलेली गमी खाल्ली असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका. डॉक्टरांना काय खाल्लं ते खरं सांगा. लाजेपायी ‘काहीतरी खाल्लं वाटतं’ एवढंच सांगितलं की मुलाचे नको ते तपास होतात आणि मोलाचा वेळ जातो. गाडीचं म्हणाल तर ओढल्यावर निदान सहा तास आणि खाल्ल्यावर त्याहून बराच जास्त वेळ स्टिअरिंग किंवा हँडल हातात घेऊ नये. ‘मी ओके आहे’ या घेणाऱ्याच्या अंदाजावर इथे विसंबता येत नाही.

हृदयविकार असलेल्या मोठ्या माणसांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. टीएचसीने नाडीचा वेग वाढतो. बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेल्या आजोबांना गंमत म्हणून भांग पाजणं ही गंमत नव्हे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पंधरा ते पंचवीस या वयाची, आणि त्यातही मनोविकाराची. स्वीडनमध्ये १९६९-७० साली लष्करभरतीला आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांना गांजाविषयी विचारलं गेलं आणि पुढे पंधरा वर्षं त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवली गेली. १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला : पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट होतं. इतर कारणं हिशेबात घेतल्यावर हा आकडा बराच खाली आला, पण नाहीसा झाला नाही. २०१९ साली युरोपातल्या आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज घेणाऱ्यांत सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचं भान सुटणाऱ्या आजाराची, शक्यता न घेणाऱ्यांच्या तुलनेत साधारण तिप्पट, आणि १० टक्के किंवा जास्त टीएचसी असलेला जहाल माल रोज घेणाऱ्यांत जवळपास पाचपट दिसली.

यावर रास्त आक्षेप आहे. आजाराची चाहूल लागलेला अस्वस्थ मुलगाच गांजाकडे ओढला जात असेल तर? कार्य कुठलं आणि कारण कुठलं? हा वाद आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीच झाला होता, आणि तो ज्या पद्धतीने तपासला गेला ती आजही शिकण्यासारखी आहे. ब्रिटिश सरकारने १८९३ साली ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं. हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजाने भरली आहेत, असा तेव्हा बोलबाला होता. आयोगाने १८९२ सालच्या भरतीची कागदपत्रं एकेक करून उघडली. वेडाचं कारण गांजा, असं लिहिलेली २२२ प्रकरणं होती. छाननीनंतर त्यांतली ९८च टिकली. कारण बहुतेक वेळा ‘कारण’ हा रकाना पोलिसाने किंवा कारकुनाने काहीतरी भरायचं म्हणून भरलेला होता. रोगी गांजा ओढत असे एवढं कळलं की चौकशी संपली. बाराशेच्या आसपास साक्षीदार तपासून आयोगाने म्हटलं, की माफक सेवनाने सहसा मोठी हानी होत नाही, अतिसेवनाने होते, आणि ज्यांच्या मनात आधीच नाजूकपणा आहे त्यांना विशेष होते.

आजचा गांजाप्रेमी या निष्कर्षाचा पहिला तुकडा तेवढा सांगतो, आणि बंदीवाला आयोगाचं नावच घेत नाही. दोन्ही तुकडे एकत्र वाचायला हवेत. आजचे मोठे अभ्यास नेमकं तेच, जास्त काटेकोरपणे, सांगत आहेत. गांजा घेणाऱ्या बहुतेकांना सायकोसिस होत नाही. पण लहान वय, रोजचं सेवन, जहाल माल आणि घरातला आजाराचा वारसा हे चारही एकत्र आले, तर तो मुलगा किंवा मुलगी वेगळ्या रांगेत उभी असते. म्हणून आई-वडील, मामा, आत्या यांच्यापैकी कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असेल, तर ती गोष्ट मुलांपासून लपवू नका. दहावी-बारावीच्या वयात त्यांना ती सरळ सांगा. मधुमेह घराण्यात आहे हे आपण सांगतोच ना? ज्याला हे माहीत आहे, तो मित्रांच्या घोळक्यात ‘मला नको’ म्हणायला एक खरं कारण घेऊन बसतो.

बुद्धीवरच्या परिणामाबद्दल न्यूझीलंडमधल्या ड्यूनेडिन शहरातला अभ्यास सारखा सांगितला जातो. तिथे जन्मलेल्या १,०३७ जणांना अडतिसाव्या वर्षापर्यंत तपासलं, आणि किशोरवयात सुरुवात करून वर्षानुवर्षं घेत राहिलेल्यांच्या बुद्ध्यंकात आठ गुणांपर्यंत घट दिसली. पुढे जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांनी ही घट गांजामुळेच आली का, अशी शंका घेतली. तेव्हा ‘एक झुरका आणि बुद्धी गेली’ असं मुलांना सांगू नका. ते खरं नाही, आणि मुलांना ते खरं नाही हे माहीत असतं. त्यांचा विश्वास एकदा उडाला की पुढचं खरंही त्यांना खोटं वाटतं. नियमित घेताना स्मरण आणि लक्ष मंदावतं, अभ्यास घसरतो, हे पुरेसं सिद्ध आहे आणि तेच सांगण्यासारखं आहे. व्यसनाचंही तसंच. घेणाऱ्यांपैकी साधारण दहातला एक त्यात अडकतो. किशोरवयात सुरू केलं तर सहातला एक, असा अमेरिकेतला बराच मान्य झालेला अंदाज आहे.

औषध म्हणून काय? इथे आशाही आहे आणि फसवणूकही. सर्वांत भक्कम पुरावा लहान मुलांच्या काही दुर्मीळ, हट्टी अपस्मारांचा. ड्रावे सिंड्रोम असलेल्या मुलांवर शुद्ध सीबीडीची चाचणी झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालात महिन्याला सरासरी बाराच्या घरात असलेले झटके सहाच्या आसपास आले, नकली औषध दिलेल्या मुलांत जवळपास फरक पडला नाही. २०१८ साली अमेरिकेने ‘एपिडायोलेक्स’ नावाने त्याला मान्यता दिली. ज्या आईने रात्ररात्र झटके मोजले आहेत तिच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. पण त्या चाचणीतली मात्रा होती दिवसाला वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला रोज ४०० मिलिग्रॅम. ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या बाटलीत एकूण सीबीडी किती आहे ते वाचा आणि भागाकार करा, म्हणजे दोन-चार थेंबांनी झटके थांबतील या दाव्यात किती अर्थ आहे ते कळेल. शिवाय सीबीडीमुळे क्लोबाझाम या झटक्यांच्या औषधाचा परिणाम वाढून गुंगी येते, आणि व्हॅल्प्रोएट चालू असेल तर यकृताला त्रास होऊ शकतो. मेंदूविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय अशा मुलाला थेंबभरही देऊ नका.

केमोथेरपीच्या उलट्यांवर आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या स्नायूंच्या ताठरपणावर गांजातल्या द्रव्यांची औषधं काही देशांत मान्य आहेत. जुनाट दुखण्यावर काहींना थोडा आराम मिळतो, पण तो सहसा माफक असतो. झोप आणि चिंता यांसाठी पुरावा अपुरा. कॅन्सर बरा होतो म्हणून जे संदेश फिरतात त्यांचा आधार मुख्यतः काचेच्या बशीतल्या पेशींवरचे प्रयोग आहेत. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, ‘ॲस्को’ने, २०२४ साली स्पष्ट म्हटलं, की चाचणीबाहेर कॅन्सरवरचा उपचार म्हणून गांजा वापरू नये. उलट्या किंवा भूक यांसाठी विचारायचं असेल तर अवश्य विचारा, पण केमो सोडून तेल घेऊ नका. हे मी कळकळीने सांगतो, कारण कॅन्सरमध्ये वाया गेलेले महिने परत मिळत नाहीत.

आपल्याकडच्या ‘विजया’ औषधांत भांगेच्या पानांचा अर्क असतो. औषधविषयक नियमांच्या ‘ई-१’ या परिशिष्टात भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचं औषध. पाच मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर मिळालेली चिठ्ठी म्हणजे देखरेख नव्हे. आजीसाठी असं तेल मागवलंच असेल तर तिच्या सगळ्या गोळ्या घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. वॉर्फरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर सीबीडी आणि टीएचसी दोन्हींमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. रात्री उठताना तोल जाणं, दिवसा गुंगी, हेही पाहा. पडून मोडलेलं खुब्याचं हाड गुडघेदुखीपेक्षा फार महाग पडतं. किराण्यासारखं मिळणारं हेम्पच्या बियांचं तेल किंवा पीठ ही निराळी गोष्ट. बियांत नशेचं द्रव्य जवळपास नसतं, आणि खाद्यपदार्थ म्हणून त्यांना २०२१ सालापासून मान्यता आहे. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात मात्र भांग, गांजा किंवा सीबीडी यांतलं काहीच नको. गरोदरपणातल्या सेवनाचा बाळाच्या कमी वजनाशी संबंध दिसला आहे, आणि टीएचसी दुधातून उतरतं.

कायद्याबद्दल लोकांचे फार गैरसमज आहेत. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. फुलोऱ्याशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर. म्हणून उत्तर प्रदेशात सरकारमान्य भांगेची दुकानं दिसतात. ‘तिथे चालते, म्हणजे इथेही चालते’ हा तर्क महाराष्ट्रात लागू नाही. इथे १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागतो आणि परवान्याविना ती बाळगणं गुन्हा आहे. गांजाची एक किलोपर्यंतची मात्रा ‘अल्प’ समजली जाते, वीस किलोंच्या वर ‘व्यावसायिक’. चरसाची अल्प मात्रा शंभर ग्रॅम. अल्प म्हणजे माफ नव्हे : बाळगल्याबद्दल एक वर्षापर्यंत आणि नुसत्या सेवनाबद्दल सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. मात्र याच कायद्याचं ६४-अ हे कलम प्रत्येक पालकाला माहीत असायला हवं. सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला गेली आणि तो पूर्ण केला, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळतं. प्रकरण उद्भवलं तर वकिलाला हे कलम आवर्जून विचारा. डॉक्टर पोलिसांना कळवतील या भीतीनेही कितीतरी घरं उपचार टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने व्यसनाच्या रुग्णालाही गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

मुलं परदेशात असतील किंवा तुम्ही सहलीला जात असाल तर आणखी सावध राहा. थायलंडने २०२२ साली गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि २०२५ साली पुन्हा डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. तिथे दुकानात घेतलेली गमी आपल्या विमानतळावर उतरताना अमली पदार्थच असते. कॅनडात २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, पण सीमा ओलांडताना जवळ बाळगणं गुन्हा. अमेरिकेत अनेक राज्यांनी परवानगी दिली असली तरी व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व केंद्र सरकारच्या हाती आहे, आणि केंद्राच्या कायद्यात गांजा अजून निषिद्ध आहे. न्यू जर्सीतल्या भाच्याने दुकानातून पावतीसह विकत घेतलेला गांजाही त्याच्या अर्जाच्या आड येऊ शकतो. सिंगापूर आणि दुबईबद्दल एकच वाक्य : तिथे अजिबात धोका पत्करू नका.

आता त्या सॅकमधल्या पाकिटाकडे वळू. ते दिसल्याबरोबर आरडाओरडा करू नका, आणि मुलगा तारेत असताना तर मुळीच बोलू नका. दुसऱ्या दिवशी, एकाच पालकाने, दार लावून बोलावं. ‘आमचं नाक कापलंस’ हे पहिलं वाक्य असेल तर संवाद तिथेच संपतो. ‘तू किती वेळा घेतोस, कशासाठी घेतोस?’ इथून सुरुवात करा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका. परीक्षेची भीती, हॉस्टेलमधलं एकटेपण, झोप न येणं, यांतलं काही निघालं तर तो खरा विषय. महिन्याकाठी एखाद्या पार्टीत घेणारा आणि सकाळी उठल्यावर पहिला जॉइंट लावणारा यांत फार अंतर आहे, दोघांना एकच शिक्षा देऊ नका. लघवीची चाचणी करून घेण्याच्या भरीस पडू नका. रोज घेणाऱ्याच्या लघवीत सोडल्यानंतरही काही आठवडे अंश सापडतो, त्यामुळे तो आज खोटं बोलतोय का, हे त्यावरून कळत नाही, आणि मुलाला मात्र तुम्ही पोलीस वाटता.

काही लक्षणं दिसली तर मात्र समजावण्यात वेळ घालवू नका : आवाज ऐकू येणं, घरच्यांवरच संशय, स्वतःशी बडबड, अंघोळ-जेवण सुटणं, मरणाची भाषा. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ गाठा, आणि मरणाची भाषा असेल तर त्याच दिवशी. आणखी एक लक्षण घरच्यांना चकवतं. वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्या काहींना सारख्या उलट्या होतात, पोट पिळवटतं, आणि गरम पाण्याच्या अंघोळीनेच बरं वाटतं. एंडोस्कोपीसकट सगळे तपास होतात, निदान सापडत नाही. डॉक्टरांना गांजाबद्दल सांगितलं तर ते लगेच ओळखतील. गांजा पूर्ण सोडणं हाच त्यावरचा उपाय.

मदत दूर नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, जी दिल्लीच्या एम्सने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केली, वर्षभरात भांग-गांजा-चरस घेणारे ३.१ कोटी लोक आढळले आणि त्यांपैकी ७२ लाखांना मदतीची गरज होती. दारू घेणारे १६ कोटी होते. म्हणजे तुमचं घर एकटं नाही. शासनाची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतात. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं ‘मुक्तांगण’ आहे. गांजा सोडवणारी मान्यताप्राप्त गोळी अजून नाही. समुपदेशन आणि वर्तनोपचार हेच मुख्य उपचार आहेत. साखळ्यांनी बांधणारी, मारहाण करणारी ‘केंद्रं’ उपचार देत नाहीत, तिथे मुलाला टाकू नका.

सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे घरच्यांनी ओळखून असावेत. एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते, भूक मरते, झोप उडते, विचित्र स्वप्नं पडतात, आणि पहिल्या आठवड्यात हे सगळं टोकाला जातं. या काळात मुलगा ताट सरकवून उठला तर त्यावरून भांडू नका. जेवण थोडं थोडं, चहा-कॉफी संध्याकाळनंतर नको, दिवसा चालणं किंवा मैदान, आणि झोपेच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तरच. पुढच्या भेटीला जाताना एका कागदावर लिहून न्या : काय घेत होता, कधीपासून, दिवसातून किती वेळा, सोबत तंबाखू किंवा दारू होती का, घरात कुणाला मानसिक आजार आहे का, आणि सोडल्यापासून तो किती तास झोपतो.